नळी घालण्याआधी

नवजात बाळांच्या वॉर्डात मी लागले तेव्हा माझ्याकडे पहिलं काम आलं ते डोकं धरायचं. किन्हवलीजवळच्या गावातली, नर्सिंगचा कोर्स करून आलेली, लावणी-कापणी केलेली मुलगी, हात स्थिर असतील असं मेट्रनबाईंना वाटलं असावं. हॉस्पिटल शहापूरच्या बाजूला, एका ट्रस्टचं. त्याचं नाव सांगत नाही. जे सांगणार आहे ते त्या काळी एकट्या आमच्याकडे होत होतं असं नाही.

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला श्वास घेणं हेच मोठं कष्टाचं काम असतं. एकेक श्वास ओढताना त्याच्या बरगड्या आत जातात, नाकपुड्या फुलतात, आणि दिवस-दोन दिवसांत ते दमून जातं. मग तोंडातून श्वासनळीत एक बारीक नळी घालून बाळ मशीनवर ठेवायचं. नळी पेंढ्याच्या काडीएवढी. ती घालताना डॉक्टर एका हातानं दिवा लावलेलं लोखंडी पातं तोंडात घालतात, जीभ बाजूला सारतात, घसा उघडून बघतात आणि दुसऱ्या हातानं नळी आत सोडतात. मोठ्या माणसाला असं करायचं तर आधी भूल देतात. बाळाला देत नसत. म्हणून कोणीतरी डोकं धरायचं. ते मी धरायचे.

एक किलोचं बाळ किती जोर लावू शकतं हे ज्यानं धरलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मान ताठ होते, पाठ कमानीसारखी वर येते, पायांची बोटं फाकतात. मॉनिटरवर ठोके झरझर खाली येतात. आणि नळी एकदा स्वरयंत्रातून आत गेली की बाळ रडतं पण आवाज येत नाही. तोंड वाकडं झालेलं, कपाळाला आठ्या, डोळ्यांतून पाणी, आणि वॉर्डात मात्र नुसता मशीनचा आवाज. पहिल्या वेळेला मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. दहाव्या वेळेला ओकले नाही. पन्नासाव्या वेळेला मी डोकं धरून दुसऱ्या सिस्टरशी बोलत होते, आदल्या दिवशीच्या एसटीत जागा मिळाली नाही म्हणून. सवय होते ती अशी.

आमचे मोठे डॉक्टर, त्यांना सगळे सरच म्हणत, ते निर्दय होते असं कोणाला वाटू नये म्हणून सांगते. थंडीच्या दिवसांत ते स्टेथोस्कोप आधी आपल्या तळहातात धरून गरम करायचे आणि मग बाळाच्या छातीला लावायचे. बाळ गेलं की आईबापांना सांगायला स्वतः बाहेर जायचे, कोणाला पाठवायचे नाहीत. पण त्यांना कॉलेजात शिकवलं होतं की एवढ्या लहान जिवाला दुखणं धड कळत नाही, आणि कळलं तरी लक्षात राहत नाही. वर भुलीच्या औषधांची भीती होती. कुठलं औषध एवढ्याशा बाळाला सोसेल याचा भरवसा नव्हता. म्हणून ते पटकन नळी घालायचे. हात फार चांगला होता त्यांचा. "जेवढं लवकर, तेवढं बरं," असं म्हणायचे.

मग आमच्याकडे एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या. मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात शिकलेल्या, बोलायला हळू. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सरांना विचारलं, "सर, इथे नळीच्या आधी काही देत नाही का आपण?" सर म्हणाले, "नाही." मॅडम नवीन होत्या, पुढच्या बाळाकडे वळल्या.  मी जवळच होते. मला तेव्हा तो प्रश्नच कळला नाही, खरं सांगते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, पौषात, म्हशाची गुरांची जत्रा चालू होती तेव्हा मुरबाडकडून एक बाई आमच्याकडे आली. म्हशाच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. सातवा महिना सरताना पाणी गेलं. जत्रेमुळे रस्त्यात बैलांचे टेम्पो आणि माणसं, त्यातून ॲम्ब्युलन्सला यायला फार वेळ लागला. आल्या आल्या सिझर करावं लागलं. मुलगी झाली, एक किलोला थोडी कमी. लालबुंद, कातडीखालच्या शिरा दिसाव्यात इतकी नाजूक, पण रडली. सगळ्यांना बरं वाटलं.

नाकातून हवेचा दाब देऊन एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दमायला लागली. सरांनी बघितलं आणि नळी घालायची ठरवली. घाईची वेळ नव्हती, तासाभरात घातली तरी चाललं असतं. पण आमच्याकडे ठरलं म्हणजे लगेच. मी हात धुतले, डोकं धरलं. सरांचा हात त्या दिवशी पहिल्या वेळेला चुकला. पोरीनं मान हिसकली आणि पातं निसटलं. ठोके पडले, थांबून हातानं दाबायच्या बॅगेनं श्वास दिला, परत घातलं. दुसऱ्यांदा गेली नळी. ओठाच्या कोपऱ्यात थोडं रक्त आलं होतं, ते मी कापसानं पुसलं. मान वर केली तर काचेपलीकडे तिची आई उभी होती.

तिला दूध काढायला म्हणून व्हीलचेअरवरून आणलं होतं, आणि ती खुर्चीतून उठून, एका हातानं पोट धरून, काचेला टेकली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. आमच्याकडे त्या काचेला आतून पडदा होता. त्या दिवशी तो ओढायचा राहिला होता, आणि ते काम माझं होतं.

मी बाहेर गेले. म्हटलं, "बस गो, उभी राहू नको. टाके ओले आहेत."

ती बसली. जरा वेळानं म्हणाली, "ताई, ती रडत होती नं?"

"हो."

"आवाज का नाय आला?"

मी सांगितलं, नळी असते म्हणून. ती ऐकून घेत होती. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, विशी-बाविशीची. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "माझा पोट कापला तवा पाठीत सुई दिली नं तुमी? मला कायच नाय कळला. मी जागी होते तरी कळला नाय. मग तिला का नाय दिली?"

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. रागावलेल्या नातेवाइकांशी कसं बोलायचं ते आम्हाला येतं. ती खरोखरच विचारत होती. काहीतरी कारण असेल, ते ताईला माहीत असेल, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, "लहान बाळांना तसं देत नाहीत." ती म्हणाली, "बरं." आणि दुधाची वाटी हातात घेतली.

दुपारी मी मॅडमना हे सांगितलं. का सांगितलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्या फाइल लिहीत होत्या, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, हे सरांना तुम्ही सांगाल? मी सांगितलं तर ते वाचलेलं बोलते असं होईल."

मी सरांना सांगायला दोन दिवस लावले. त्या दोन दिवसांत पोरीनं बरी प्रगती केली, तिची नळी काढली, परत नाकातून हवा सुरू केली. तिसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत सर एकटेच होते. मी आईचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. सर कप धरून खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर भाताची कापलेली खाचरं, त्यात कोणी वाल पेरलेला. मग ते म्हणाले, "मॅडमना बोलवा. आणि तुम्हीही थांबा."

त्या बैठकीला बैठक म्हणणं जास्तच होईल. तिघं चहाच्या टेबलाभोवती. मॅडमनी एक जुना तक्ता उलटा केला आणि त्याच्या मागे रेघा मारून औषधांची नावं लिहिली. सर शंका काढत होते, मॅडम उत्तरं देत होत्या, आणि ज्याचं उत्तर नव्हतं तिथे "माहीत नाही, सर" म्हणत होत्या. हे त्या वारंवार म्हणाल्या. मला वाटतं, त्यामुळेच सर ऐकत राहिले.

सर म्हणाले, "झोपेचं देऊ, मिडाझोलम. ते आपल्याकडे आहे."

मॅडम म्हणाल्या, "झोप येते, पण दुखणं थांबत नाही. आणि एवढ्या कमी दिवसांच्या बाळांच्या मेंदूला ते बरं नाही म्हणतात."

"मॉर्फिन?"

"असर व्हायला वेळ लागतो. आपण नळी घालून मोकळे होऊ तेव्हा ते काम सुरू करेल."

"मग नुसतं अंग ढिलं करणारं देऊ. बाळ हलणार नाही, माझा हात चुकणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "सर, हलणार नाही. पण त्याला सगळं कळत असेल. फक्त सांगता येणार नाही."

 सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग राहिली तीन. प्रोपोफॉल, दुधासारखं पांढरं औषध. झोप पटकन येते, पटकन उतरते, पण रक्तदाब पडू शकतो. केटामिनने रक्तदाब टिकतो, दुखणंही थांबतं, पण इतक्या अपुऱ्या दिवसांच्या मेंदूवर पुढे काय होतं याची खात्री कोणी देत नाही. आणि फेंटानिल. दुखण्यावर चांगलं, पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्याच्या जोडीला ठोके पडू नयेत म्हणून एक औषध, आणि अंग ढिलं करणारं एक. धोका एवढाच की भरकन दिलं तर बाळाची छाती ताठ होते, बॅगेनंसुद्धा हवा आत जात नाही. शिवाय असर काही वेळ राहतो, म्हणजे लगेच नळी काढायची असेल तर पंचाईत.

सरांची खरी भीती वेगळी होती. ती त्यांनी शेवटी बोलून दाखवली. "जागं बाळ असलं की माझा हात चुकला तरी ते आपला आपला श्वास घेत राहतं. अंग ढिलं केलं आणि नळी गेली नाही तर? मग त्याचा श्वास म्हणजे आपण. फक्त आपण."

मॅडम म्हणाल्या, "बॅगेनं देता येतो, सर. आधी बॅगेनं हवा जाते हे बघायचं, आणि मगच ते औषध द्यायचं."

त्यांनी फोन करून आमच्या भुलीच्या डॉक्टरांना विचारलं. ते मंगळवारी आणि शुक्रवारी ऑपरेशनांना यायचे. फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असं केलं. ते म्हणाले, "मी रोज माणसं झोपवतो, पण एक किलोच्या जिवाला मीसुद्धा दहा वेळा विचार करून देईन. द्यायचं तर सगळं आधी भरून, नावं लिहून, हाताशी ठेवा. आणि सावकाश."

सर माझ्याकडे वळले. "सिस्टर, डोकं तुम्ही धरता. तुम्हाला काय वाटतं?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सर, बाळ मला ढकलतं. सगळ्या अंगानं ढकलतं. मला ते आता कळेनासं झालंय, त्याची भीती वाटते."

सरांनी तक्ता उचलला आणि फेंटानिलच्या नावाभोवती गोल केला. "पुढच्या वेळेला, घाई नसेल तर. जन्मल्या जन्मल्या श्वासच नसेल त्या बाळाला हे काही नाही, तिथे वेळच नसतो. पण बाकीच्यांना बघू."

पुढची वेळ चौथ्या दिवशी आली, आणि तीच पोरगी. नाकातल्या हवेवर ती टिकेना, तिला जंतुसंसर्ग झाला होता. सकाळचे अकरा वाजले होते. या वेळी मॅडम आधी आईकडे गेल्या. तिचा नवराही आला होता, जत्रेतून तसाच निघालेला, मफलर गळ्यात. मॅडमनी स्टूल ओढलं आणि दोघांना समजावलं की परत नळी घालावी लागणार, या वेळी आधी दुखू नये म्हणून औषध देणार, आम्ही इथे हे पहिल्यांदा करतोय, आणि औषधालाही धोका असतो.

नवरा म्हणाला, "पयल्यांदा म्हंजे? आमच्याच पोरीवर?"

त्याचं बरोबर होतं. मॅडम म्हणाल्या, "इथे पहिल्यांदा. मी आधी शिकले तिथे केलंय, पुष्कळदा. नको असेल तर नको म्हणा, आम्ही नळी तरी घालूच."

त्यानं बायकोकडे बघितलं. तिनं विचारलं, "उठंल ना ती परत?"

"औषध उतरलं की उठेल. आजाराचं मी सांगू शकत नाही. पण औषधानं झोपलेली उठेल, त्यासाठीच आम्ही सगळे तिथे उभे असू."

"मग द्या," ती म्हणाली. नवऱ्यानं मान हलवली.

मी सुया भरल्या. एवढीशी मात्रा की सुईच्या टोकातला थेंबही मोजायचा. प्रत्येक सुईवर चिकटपट्टी, तिच्यावर नाव. मॅडमनी दोनदा तपासलं, सरांनी एकदा. आधी ठोक्यांचं औषध. मग फेंटानिल, मॅडम स्वतः देत होत्या, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, अगदी मुंगीच्या पावलानं. सर बॅगेनं हवा देऊन बघत होते. छाती छान वर येत होती. मग शेवटचं औषध. मी डोकं धरलं.

आणि हाताखाली काहीच नव्हतं. मान मऊ, जबडा सैल, बोटं उघडी. मला वाटलं, गेली. एवढ्या वर्षांत असं डोकं मी फक्त एकाच प्रसंगी हातात धरलं होतं, बाळ गेल्यावर त्याला गुंडाळताना. मी ओरडणार होते. सर खाली वाकलेले होते, त्यांनी वर न बघता विचारलं, "ठोके किती?" मी मॉनिटर बघितला. ठोके होते तिथेच होते. एकही पडला नव्हता. "चांगले आहेत, सर," मी म्हटलं.

नळी पहिल्याच वेळेला गेली. सर सरळ झाले, पट्टी लावली, मशीन जोडलं.  पोरीच्या कपाळावर एक आठी नव्हती.  सर हात पुसत म्हणाले, "मी वीस वर्षं..." आणि वाक्य तसंच सोडून ओपीडीला गेले.

दुपारनंतर तिची बोटं हलायला लागली. आईला आत आणलं. तिनं एक बोट तिच्या मुठीत दिलं. पोरीनं धरलं.

इथे गोष्ट संपली असती तर सांगायला सोपी झाली असती. पण पुढच्या वर्षभरात आम्हाला दोनदा धडा मिळाला, आणि त्यातला एक माझ्यामुळे.

पहिला मॅडमचा. एका बाळाला फुप्फुसं उघडायचं औषध नळीतून देऊन नळी लगेच काढायची होती. फेंटानिलचा असर रेंगाळला असता, म्हणून प्रोपोफॉल द्यायचं ठरलं. झोप छान आली, नळी सहज गेली, पण रक्तदाब खाली आला, आणि येतच राहिला. सलाईन दिलं, पाय वर केले, आणखी औषध लावलं. तासाभरात सावरलं बाळ. पण मॅडम त्या बाळाशेजारून संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत, जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "हे होऊ शकतं हे मीच त्या तक्त्यावर लिहिलं होतं, सिस्टर. लिहिताना सोपं वाटलं." सरांनी डबा पाठवून दिला त्यांना, निरोप एवढाच की खाऊन घ्या, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी ठरलं की हे औषध पूर्ण दिवसांच्या, रक्तदाब चांगला असलेल्या बाळालाच, आणि मात्रा तुकड्या-तुकड्यानं.

दुसरा माझा. तोवर फेंटानिल मीच द्यायला लागले होते. एक बाळ झपाट्यानं दमत होतं, मॉनिटर वाजत होता, बाजूच्या खाटेवरचं दुसरं बाळ रडत होतं. मी सुई लावली आणि घाई केली. घड्याळाकडे बघितलंच नाही. सरांनी बॅग दाबली आणि ती दबेना. "हवा जात नाही," सर म्हणाले. बाळाची छाती फळीसारखी झाली होती. ओठ निळे पडायला लागले.  सर शांतपणे म्हणाले, "ढिलं करणारं द्या. लगेच." ते भरून ठेवलेलं होतं, नाव लिहिलेलं, हाताशी. मॅडमनी दिलं. काही क्षण गेले, ते किती होते मला सांगता येणार नाही. मग बॅग दबली, छाती वर आली, ओठ गुलाबी झाले. नळी गेली.

बाळाला काही झालं नाही. पण मी दुपारी सरांच्या खोलीत गेले. दारातच म्हटलं, "सर, मी भरकन दिलं. घड्याळ बघितलं नाही."

औषधं देण्याला आधी नाही म्हणणारा माणूस तो. "म्हणूनच मी सांगत होतो" असं म्हणायची संधी मी त्यांना हातात नेऊन दिली होती. ते म्हणाले, "बसा." मग म्हणाले, "मी बाळाच्या घशाकडे बघत होतो. तुमच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. देणाऱ्याबरोबर एकानं मोठ्यानं सेकंद मोजायचे, हे मी ठरवायला हवं होतं. चूक दोघांची आहे." बाळाच्या आईबापांना त्यांनीच सांगितलं, काय झालं आणि का. मी त्यांच्या मागे उभी होते. बाप रागावला, बराच वेळ बोलला. सरांनी ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मी बोलायला पुढे झाले तर हातानं थांबवलं.

मला वाटलं होतं आता सर ही औषधं बंद करतील. आठवड्याभरानं एका बाळाला नळी घालायची वेळ आली. मी मुकाट्यानं डोकं धरायला उभी राहिले. सर म्हणाले, "फेंटानिल भरलं का?" मी म्हटलं, "मी देऊ?" ते म्हणाले, "तुम्हीच द्या. मॅडम मोजतील." मॅडमनी मोजलं. मी दिलं. 

डोंगराच्या अंगाची ती पोरगी आमच्याकडे सात आठवडे राहिली. त्या आठवड्यांत तिची आई वॉर्डातली जुनी झाली होती. नवीन आलेल्या बायांना हात कसे धुवायचे, दूध कसं काढायचं ते शिकवायची. घरी जायच्या दिवशी पोरगी दोन किलोच्या आसपास होती. आईनं मला नाचणीच्या पिठाची पिशवी दिली. मी म्हटलं, "कशाला गो?" म्हणाली, "आमच्याकडची हाय. आमच्याकडच्या नाचणीची भाकर काळी होत नाय." मग जराशानं म्हणाली, "त्या दिवशी मी विचारला तवा तुमी मला गप केला. पण मागून तुमीच सरांना सांगितलात, मला मॅडम बोलल्या."  मी पोरीची टोपी नीट केली. तपासणीला ती वर्षभर येत होती. पोरगी उशिरा बसली, उशिरा चालली, पण चालली. आता बालवाडीत जाते म्हणे.

सर मागच्या वर्षी निवृत्त झाले. मॅडम आता विभाग बघतात. भुलीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी आम्हाला बसवून सगळी औषधं नव्यानं समजावली, आणि त्यांतलं काही आमच्याच तक्त्यावर खोडून पुन्हा लिहिलं. अजूनही एकच उत्तर नाही. एखाद्या बाळाचा रक्तदाब बघून एक औषध बाजूला पडतं, एखाद्याचे दिवस बघून दुसरं, आणि एखाद्या वेळी वेळच नसतो. तेव्हा मी पूर्वीसारखंच डोकं धरते. ते अजून होतं, आणि ते झालं की मी घरी जाऊन कोणाशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात भातसानगरहून एक तरुण बाप आला होता, धरणावर नोकरीला. बायको अजून खालच्या मजल्यावर होती, बाळाला नळी घालायची होती. मी त्याला बाहेर बसवून सांगत होते की आधी औषध देऊ, दुखणार नाही असं बघू. त्यानं मोबाइलवर काहीबाही वाचलं होतं. म्हणाला, "सिस्टर, तीन-चार औषधं असतात नं? त्यातलं सगळ्यात चांगलं तेच द्या. पाहिजे तर बाहेरून आणतो."

मी म्हटलं, "सगळ्यात चांगलं असं एक असतं तर मी तुम्हाला आधीच सांगितलं असतं. तुमच्या बाळाला त्यातल्या त्यात कुठलं सोसेल ते मॅडम बघतायत. प्रत्येकात काहीतरी वाईट आहे. ते झालं तर काय करायचं, त्याची तयारी करून आम्ही उभे आहोत."

 तयारी म्हणजे काय, असं त्यानं विचारलं, आणि मी त्याला सगळं सांगितलं. कोण बॅग धरणार, कोण मोजणार, कुठली सुई कशाला. माझी चूकही सांगितली, छाती ताठ झाली होती ती. मॅडमनी नंतर विचारलं, एवढं सांगायची गरज होती का. असेल किंवा नसेल. पण तो ऐकताना हळूहळू सरळ बसला.

"मला आत थांबता येईल?" त्यानं विचारलं.

पूर्वी आम्ही काचेचा पडदा ओढायचो. आता जागा असेल तर एकाला थांबू देतो. मी म्हटलं, "चक्कर आली तर खाली बसा, आमच्याकडे लक्ष देऊ नका, आणि मी सांगेन तिथंच उभे राहा."

त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि नळाखाली हात धरले. मी त्याला साबण दिला आणि नखांपासून सुरुवात करायला सांगितली.